माझ्या नावापुढचे दोन तारे

नगरपालिकेच्या गेटासमोर आमचं झेरॉक्सचं दुकान आहे. दोन मशीन, एक कॉम्प्युटर, लॅमिनेशनचं एक यंत्र आणि बसायला दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. गाव परभणी जिल्ह्यातलं, ‘ब’ वर्ग नगरपालिकेचं. नाव लिहीत नाही. सगळे ओळखीचे आहेत आणि उद्या परत त्यांच्याच कागदांच्या झेरॉक्स काढायच्या आहेत.

२०२५ च्या नोव्हेंबरातली, नगरपालिकेच्या निवडणुकीच्या वेळची गोष्ट. एका उमेदवाराचा पुतण्या प्रभाग चारच्या मतदार यादीचा गठ्ठा घेऊन आला. “ताई, पाच सेट. पाठपोट काढा.” पानं बाहेर पडत होती, मी चवड टेबलावर ठोकून सरळ करत होते, आणि एका पानावर हात थांबला. माझं नाव, नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, सगळं बरोबर. फक्त नावापुढं दोन तारे. वरच्या पानात असे तीन-चार जणांना होते, पण ते कोण आहेत याच्याकडं मी बघितलंही नव्हतं.

पुतण्यानं वाकून पाहिलं आणि हसला. “ताई, तुम्ही बी दुबार का?”

दुबार म्हणजे काय हे तेव्हा शेंबड्या पोरालाही माहीत होतं. टीव्हीवर रोज तेच. दुबार मतदार, बोगस मतदार, मतचोरी. संभाव्य दुबार नावांपुढं राज्य निवडणूक आयोगानं दोन तारे टाकले होते. अशा माणसाला विचारायचं, तू कुठल्या केंद्रावर मत देणार. तिथंच देऊ द्यायचं, दुसरीकडं नाही. बातम्यांत हे ऐकताना मीही मान डोलावली होती, बरं झालं म्हणून. आता यादीत मीच निघाले.

खरं तर यादीशी माझी गाठ त्याच्या महिनाभर आधीच पडली होती, ते आधी सांगते.

ऑक्टोबरात प्रभागनिहाय प्रारूप यादी लागली. आमच्याकडं २०१६ नंतर नगरपालिकेची निवडणूक झालेली नव्हती. मुदत संपली, प्रशासक आले, ओबीसी आरक्षणाचं प्रकरण कोर्टात गेलं, आणि सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये निवडणुका घ्याच म्हणून सांगितलं तेव्हा कुठं गाडं हललं. नऊ वर्षं. माझा भाचा सव्वीस वर्षांचा आहे, लग्न झालं, पोरगी झाली, पण नगरसेवकाला मत म्हणून त्यानं आयुष्यात दिलेलं नाही. त्यामुळं यादी लागली की ती जाऊन बघायची असते, चूक असेल तर हरकत घ्यायची असते, हेच लोक विसरून गेले होते. पालिकेच्या व्हरांड्यात फळ्यावर पानं डकवलेली, आणि समोर उभे फक्त इच्छुक उमेदवारांचे कार्यकर्ते. साधा माणूस एक नाही. मी दुपारी गिऱ्हाईक नसताना सहज म्हणून गेले.

माझं नाव होतं, ह्यांचं होतं. सासूबाईंचं, म्हणजे आमच्या आत्याबाईंचं, नव्हतं.

घरी सांगितलं तर आत्याबाई खाटेवरून उठूनच बसल्या. वय शहात्तर. “मह्यं नाव कुठं गेलं गं माय? मी तर मेले नाही अजून!” २०२४ मध्ये लोकसभेला आणि विधानसभेला, दोन्ही वेळा त्यांनी मत दिलेलं. मग गेलं कुठं?

दोन दिवस शोधलं. सापडलं प्रभाग सातमध्ये. झालं असं होतं की आम्ही पूर्वी जुन्या गावात राहायचो, नाल्याच्या अलीकडं. नवीन घर बांधून इकडं आलो तेव्हा आम्ही दोघांनी पत्ता बदलून घेतला, आत्याबाईंचा राहिला. विधानसभेला काही फरक पडत नाही, मतदारसंघ एकच. त्या आपल्या जुन्या शाळेत जाऊन मत देऊन यायच्या. पण पालिकेच्या निवडणुकीत विधानसभेचीच यादी घेतात आणि ती प्रभागांप्रमाणे फोडतात. या वेळी १ जुलै २०२५ ची यादी घेतली होती. नाल्यावरून प्रभागाची हद्द गेली, आणि सासू एकीकडं, सून एकीकडं.

हरकतीचा अर्ज साधा असतो. मतदार ओळखपत्राची झेरॉक्स, घरपट्टीची पावती, लाईट बिल. झेरॉक्स तर घरचीच. अर्ज घेऊन गेले तर तिथल्या बाबूनं दोन मिनिटं वाचला आणि म्हणाला, “ताई, नाव घालायचं-काढायचं आमच्या हातात नाही.”

“मी नाव घालायला म्हणतच नाही. नाव आहे. चुकीच्या प्रभागात आहे.”

हा फरक पुढं मी निदान शंभर लोकांना समजावून सांगितला असेल. पालिकेच्या निवडणुकीसाठी नवीन नाव घालता येत नाही, मेलेल्या माणसाचं काढता येत नाही. ते काम भारत निवडणूक आयोगाच्या यादीचं, तहसीलमधून होणारं. राज्य निवडणूक आयोग वेगळा, तो ही यादी वापरतो फक्त. पालिकेत हरकत चालते ती यादी फोडताना झालेल्या चुकीची. माणूस राहतो एका प्रभागात आणि नाव पडलं दुसऱ्या, किंवा विधानसभेच्या यादीत नाव आहे पण प्रभागाच्या यादीतून गळालं, एवढंच. आमच्या शेजारची मुलगी ऑगस्टमध्ये अठराची झाली. आधार कार्ड घेऊन दुकानात आली, “काकू, मह्यं मतदान करून द्या ना.” जणू रिचार्ज मारायचा होता. तिला सांगितलं, यंदा नाही बाई, पण अर्ज आत्ताच भर, पुढच्या वेळी कामाला येईल.

बाबूशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी पोच मागितली. पोच मिळाली की अर्ज गहाळ होत नाही, हे गेटासमोर बारा वर्षं बसून शिकले आहे. पाचव्या दिवशी घरपट्टी वसूल करणारा माणूस पाहणीला आला. आत्याबाई ओट्यावर वाती वळत बसलेल्या. त्यानं विचारलं, “आजी, इथं किती वर्षांपासून राहता?” आत्याबाईंना वाटलं घरपट्टी वाढवायला आला. “मी कुठं राहते? मी आपली चार दिवसाला आलेली, लेकाकडं.” मी आतून पळत आले. पुढचा अर्धा तास चहा, शेजारच्यांच्या सह्या, आणि आत्याबाईंना खूण करून करून माझे डोळे दुखले. दिवाळीनंतर अंतिम यादी लागली तेव्हा त्यांचं नाव आमच्या प्रभागात आलेलं होतं. मी आनंदानं तेवढंच पान पाहिलं आणि परत आले. माझंही पाहिलं असतं तर तारे तेव्हाच दिसले असते.

आता तारे कसे लागले ते. माझं माहेर याच गावातलं, पेठेतलं, प्रभाग दोन. २०११ मध्ये लग्न झालं. सासरी आल्यावर कुणीतरी अर्ज आणून दिला, मी भरला. तो निघाला नवीन मतदाराचा अर्ज, नमुना ६. पत्ता बदलायचा अर्ज वेगळा असतो, आता त्याला नमुना ८ म्हणतात, हे तेव्हा ना आणणाऱ्याला माहीत ना मला. म्हणजे सासरी मी नव्यानं जन्मले आणि माहेरी होते तशीच राहिले. दोन्हीकडं नाव, दोन आडनावांनी. चौदा वर्षांत मी माहेरी कधी मत दिलं नाही, आईची शपथ. पण नाव इतकी वर्षं तिथं टिकलं कसं, हे काही मला कळेना. घरोघरी पडताळणीला माणसं येतातच की.

यादीतले तारे बघत बसले तर निम्म्याहून जास्त बायकाच निघाल्या. गावातल्या गावात दिलेल्या लेकी. टीव्हीवर ज्यांना बोगस म्हणत होते त्यात आमच्या गावापुरत्या तरी या होत्या: कुणाची सून, कुणाची नणंद, भिशीतल्या दोघी. खरे बोगस नसतीलच असं मी म्हणत नाही. निवडणुकीत काय काय चालतं ते दुकानात बसून कानावर पडतंच. पण तारा दोघांनाही सारखाच लागतो.

मी स्वतः होऊन पालिकेत गेले. तिथं एक फॉर्म भरून घेतला, मी कोणत्या केंद्रावर मतदान करणार. प्रभाग चार, जिल्हा परिषदेची शाळा, खोली क्रमांक दोन. सही. आणि सवयीप्रमाणं त्याची झेरॉक्स काढून ठेवली.

याच दिवसांत उमेदवारी अर्ज सुरू झाले आणि दुकानात पाय ठेवायला जागा राहिली नाही. अर्ज ऑनलाइन भरायचा, प्रिंट काढायची, सह्या करून नेऊन द्यायची. सोबत शपथपत्र: गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण. १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेल्या मुलांमुळं दोनाच्या वर आकडा जात असेल तर उमेदवारी नाही. निवडणूक खर्चाचं वेगळं बँक खातं, त्याचं कोरं पासबुक. थकबाकी नसल्याचा दाखला. या दाखल्यापायी आठ-आठ वर्षं घरपट्टी न भरलेली मोठी मोठी माणसं वसुलीच्या खिडकीसमोर रांगेत उभी असलेली मी याच डोळ्यांनी पाहिली. पालिकेनं दर वर्षी निवडणूक घेतली तर वसुलीला माणूस ठेवायची गरज नाही.

सदस्यपदाच्या उमेदवाराला आमच्यासारख्या पालिकेत साडेतीन लाख खर्चाची मर्यादा होती, नगराध्यक्षाला सव्वाअकरा लाख. एका उमेदवाराचा हिशेब टाईप करताना मी हे बोलले तर तो म्हणाला, “ताई, साडेतीन लाखात तर चहा होत नाही.” आणि लगेच, “हे टाईप करू नका.”

पण मला जे जास्त लागलं ते वेगळं. शपथपत्रं केंद्राबाहेर लावतात, कुणालाही बघता येतात. ती बघायला मतदार येत नाही. आणि मतदाराला जे विचारायचं असतं ते सांगायला कुणी नसतं. मतदार जागृतीची फेरी निघाली होती. पोरं पांढऱ्या टोप्या घालून, “मतदान आपला हक्क” म्हणत, आमच्या दुकानासमोरून दोनदा गेली. मतदान करा हे गावाला माहीतच होतं. कसं करायचं, ते नव्हतं.

आमच्या प्रभागात दोन सदस्य, अ आणि ब, शिवाय नगराध्यक्ष थेट जनतेतून. म्हणजे एका माणसाला तीन मतं. हे कळल्यावर लोक दुकानात येऊन काय काय विचारायचे ते ऐका.

“तीन मतं म्हणजे एकाच माणसाला तीनदा दाबलं तर?”

“चिन्ह एकच हाय तर एकदा दाबलं की तिन्हीकडं जाईल ना?”

आणि ज्याला मी अजून विसरले नाही ते पिठाच्या गिरणीवाले काका. पन्नाशीचे, पेपर वाचणारे. “ही अ जागा बायांसाठी राखीव हाय. मग तिथं आम्ही माणसांनी बटण काहून दाबायचं? ते तुमचं तुम्ही बघा ना.” आरक्षण उभं राहणाऱ्याला असतं, मत देणाऱ्याला नाही. जागा महिलेची असो, अनुसूचित जातीची असो, मत सगळ्या प्रभागानं द्यायचं. काकांना पटायला दोन दिवस लागले. २०१६ ला आपण नेमकं काय केलं होतं, असं विचारलं तर म्हणाले, “एकच दाबलं, आन् आलो बाहेर.” मला काही ते खरं वाटत नाही, पण त्यांना तसंच आठवतंय.

मग मी एक उद्योग केला. बुटाच्या खोक्याच्या झाकणावर तीन पट्ट्या चिकटवल्या, तीन रंगांच्या. वर नगराध्यक्ष, मग अ, मग ब. प्रत्येक पट्टीत चार रेघा, शेवटची रेघ ‘वरीलपैकी कोणीही नाही’. चिन्हांच्या जागी भाज्या: वांगं, भेंडी, गवार. शर्टाच्या गुंड्या डकवून बटणं केली. गिऱ्हाइकाची झेरॉक्स निघेपर्यंत त्याला म्हणायचं, दाबा बरं. पहिल्या पट्टीवर एक, दुसऱ्या पट्टीवर एक, तिसऱ्या पट्टीवर एक. तिन्ही झाल्यावर मी तोंडानं लांब शिट्टी मारायची. सगळ्या जागांचं मत दिल्याशिवाय यंत्राची शिट्टी वाजत नाही. एखादा उमेदवार पसंत नसेल तर त्या पट्टीवर नोटा दाबा, पण पट्टी सोडू नका. तिसऱ्याच दिवशी एका उमेदवाराचा माणूस येऊन विचारून गेला, “ताई, हे वांगं कुणाचं चिन्ह हाय?” त्याला मी आमच्या रात्रीच्या भाजीचं आहे म्हणून सांगितलं, तरी त्यानं मोबाईलवर फोटो काढलाच.

रात्री खोकं घरी न्यायचे. आत्याबाईंना त्याचं वेडच लागलं. जेवण झाल्यावर, “आण गं ते मशीन.” एक, दोन, तीन. मग त्यांना प्रश्न पडायचे. नळाला दहाव्या दिवशी पाणी येतं ते कुणाचं काम? पालिकेचं. सप्टेंबरच्या पावसात नाल्याचं पाणी जुन्या घरात शिरलं ते? तेही पालिकेचं. “आन् मह्या रेशनचा अंगठा उमटत नाही ते?” ते तहसीलचं, आत्याबाई. “मग तो प्रचाराला आलेला पोरगा मी करतो काहून म्हणला?” याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

२ डिसेंबरला सकाळी साडेसातला मतदान सुरू झालं. आम्ही तिघं नऊच्या सुमारास गेलो. बायकांची रांग वेगळी. मी यादी वाचणाऱ्या माणसासमोर उभी राहिले, त्यानं अनुक्रमांक वाचला, आणि मागच्या बाकावरच्या एका पोलिंग एजंटानं मोठ्यानं आवाज दिला, “थांबा, दुबार हाय ते!”

शंभर डोळे माझ्याकडं. त्यातले ऐंशी दुकानातले गिऱ्हाईक. मी पर्समधून फॉर्मची झेरॉक्स काढली. केंद्राध्यक्षांनी त्यांच्या हातातली यादी चाळली, त्यात माझ्या नावासमोर काहीच नोंद नव्हती. म्हणाले, “हमीपत्र द्यावं लागेल मॅडम, दुसरीकडं मतदान केलं नाही आणि करणार नाही म्हणून.” दिलं. ओळखपत्र उलटून-पालटून बघितलं, सही घेतली, बोटाला शाई. पाच मिनिटांचं काम होतं आणि ते त्यांनी बरोबरच केलं. पण त्या पाच मिनिटांत माझ्या मागच्या रांगेत जी कुजबुज झाली ती मला अजून ऐकू येते.

पुठ्ठ्याच्या आडोशाआड गेले, एक, दोन, तीन, आणि शिट्टी. माझ्या मागून आत्याबाई गेल्या. मी दाराशी जीव मुठीत धरून. आतून लांब शिट्टी वाजली आणि आत्याबाई पदर सावरत बाहेर. चेहऱ्यावर भाव असा, यात काय एवढं.

पुरुषांच्या रांगेतून आमचे मालक आत गेले. बीकॉम झालेले. आत गेले तसे बाहेर आले. केंद्रावरचा कर्मचारी ओरडला, “ओ साहेब, अजून दोन राहिलेत! शिट्टी वाजली नाही!” हे परत आत. सबंध रांग हसली. रोज रात्री मी खोकं घेऊन बसायचे तेव्हा हे मोबाईलमध्ये क्रिकेट बघत होते. आत्याबाईंनी ते घरी जाईपर्यंत तीनदा सांगून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मतमोजणी होणार होती. मतदान चालू असतानाच मोबाईलवर बातमी आली की उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सांगितलंय, सगळ्यांची मोजणी २१ तारखेला. काही ठिकाणचं मतदान २० डिसेंबरवर गेलं होतं, त्यांच्यासोबतच निकाल. एकोणीस दिवस यंत्रं कुलपात. उमेदवारांची पोरं रात्री स्ट्राँगरूमबाहेर शेकोटी करून बसायची आणि सकाळी लाल डोळ्यांनी आमच्या शेजारच्या टपरीवर चहाला यायची. आत्याबाई रोज विचारायच्या, “लागला का गं निकाल?” लागला तेव्हा आमच्या प्रभागातून एक नवा माणूस आणि एक जुन्याची बायको निवडून आली. कुणाला मत दिलं ते आत्याबाईंनी आम्हाला आजतागायत सांगितलेलं नाही.

पण माझे तारे राहिलेच होते. निवडणूक संपली म्हणून ते पुसले जात नाहीत. जानेवारीत, संक्रांतीचं हळदीकुंकू उरकल्यावर, मी तहसीलला जाऊन माहेरच्या यादीतलं नाव वगळण्यासाठी नमुना ७ भरून दिला. पोच घेतली. तिथल्या बाई म्हणाल्या, बीएलओ, म्हणजे त्या भागातल्या मतदार यादीचं काम बघणारे, तुमच्या माहेरी जाऊन चौकशी करतील, तुम्ही तिथं राहत नाही एवढं कुणी सांगितलं की झालं.

आठवड्याभरानं दुकानात फोन आला. बीएलओ होते, पेठेतल्या शाळेवरचे सर.

“ताई, तुम्ही अर्ज दिलाय ना नाव काढायचा? मी तुमच्या आईसमोर उभा आहे.”

“हो सर. लिहून टाका.”

“काय लिहू? त्या म्हणतात राहते की इथंच, पोरगी आहे माझी, परवा संक्रांतीला येऊन गेली. मागच्या वेळी पण हेच म्हणाल्या होत्या, रजिस्टरला माझ्याच हातची नोंद आहे.”

मागून आईचा आवाज येत होता, नाव काहून काढायलेत हो पोरीचं, घर तिचं नाही का.

मी मशीन बंद केलं, शटर अर्ध्यावर ओढलं आणि सरांना म्हटलं, थांबा तिथंच, मीच येते.